भाराभर चिंध्या कोणाला म्हणताय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या अंकात आपण एक वाचकपत्र छापलंत, मे महिन्यात आमच्या वेंगुर्ल्यात झालेल्या एका व्याख्यानाबद्दल. व्याख्यात्या बाई आधी कॉम्प्युटर इंजिनिअर, मग जपानी भाषा, मग व्हिडिओ गेमवर पीएचडी आणि त्यातही परत बायका-पुरुष हा विषय, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असलं शिक्षण कोकणातल्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवू नये असं पत्रलेखक काकांचं म्हणणं. त्या बाई म्हणजे माझ्या भावाची मुलगी. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर बाजारात कोणीतरी म्हणणारच की आत्या ती, भाचीची बाजू घेणारच. घेणार आहे. पण नुसती भाची म्हणून नाही. काकांनी जो प्रश्न विचारलाय ना, "हिचा नेमका विषय कोणता?", त्याचं उत्तर आहे आणि ते साधं आहे. पत्र जरा लांबलंय, कात्री लावायची तर शेवटाकडून लावा.

माझा भाऊ नव्वदच्या दशकात एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेम पार्लर चालवायचा. दोन टीव्ही, रिमोट (तेव्हा जॉयस्टिकला पण सगळे रिमोटच म्हणायचे), कॅसेटींचा एक डबा, पाच रुपयात अर्धा तास. शाळा सुटली की पोरांची ही गर्दी. मारिओ, कॉन्ट्रा, आणि एका जुन्या सेटवर विमानाचा गेम होता रिव्हर रेड, नदीवरून विमान न्यायचं, पूल उडवायचे, पेट्रोलवरून गेलं की टाकी भरायची, त्याच्या नंबरावरून तर पोरं हातघाईवर यायची. मुली? मुली दारात. भावाला बोलवायला आलेल्या, हातात दळणाचा डबा, "दादा, आई बोलावतेय" म्हणायचं आणि दादाचा गेम ओव्हर होईपर्यंत तिथेच उभं राहून पडद्याकडे बघायचं. आत बसून खेळणारी मुलगी एकच, मालकाची पोरगी. आता मजा बघा, तो रिव्हर रेड केला होता कॅरोल शॉ नावाच्या बाईने, १९८२ साली, अमेरिकेत अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीत. बाईने केलेला गेम पोरं खेळतायत आणि मुली दळण घेऊन दारात. हे असं का, हाच भाचीचा नेमका विषय. बाकी कॉम्प्युटर, जपान, पीएचडी सगळं ह्या एकाच प्रश्नाच्या मागे लागून केलेलं.

इंजिनिअरिंग तिने केलं कारण बारावीला मार्क पडले की आपल्याकडे पोरांना तिकडेच ढकलतात, त्यात विशेष काही नाही. पुण्यात नोकरी लागली, काम जपानी क्लायंटचं, म्हणून ऑफिस सुटल्यावर जपानीचे क्लास, एन फाइव्ह म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीपासून एकेक परीक्षा देत वर. कंपनीत मोबाईल गेमचं टेस्टिंग आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचायचं काम हिच्याकडे, त्यात बायकांच्या तक्रारी ढीगभर, आणि मीटिंगमधे गेम कोणासाठी करतोय असं निघालं की ठरलेलं उत्तर, कॉलेजचा मुलगा. हिने विचारलं मग ह्या तक्रारी करणाऱ्या कोण, तर सगळे हसले. जपानमधे ह्या बायकांना धरून अख्खा वेगळा बाजार उभा आहे हे कळल्यावर तिचं नोकरीतून मनच उडालं.

काकांना जपान म्हणजे कार्टून आणि गेमच्या नादाला लागलेली पोरं एवढंच वाटत असेल तर त्यांचा दोष नाही, आपल्यापर्यंत तेवढंच येतं. पण व्याख्यानात ते मधेच उठले (मी मागच्याच खुर्चीवर होते), थांबले असते तर पुढचं त्यांना कोणीही न समजावता समजलं असतं, कारण पुढचं सगळं नाटकाचं होतं.

जपानमधे काबुकी, म्हणजे तिकडचं जुनं नाचगाण्याचं नाटक, सुरू केलं ते ओकुनी नावाच्या बाईने, १६०३ च्या सुमारास. १६२९ मधे तिथल्या शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने बायकांना स्टेजवर यायलाच बंदी केली, आणि मग बाईचं काम पण पुरुषानेच करायचं ते आजपर्यंत. आपल्याला ह्यात नवल कसलं, आपला दशावतार तोच की. जत्रेच्या रात्री देवळामागे रंगायला बसलेला स्त्रीपार्टी जवळून बघितलाय का कोणी? दाढी घोटून घोटून गुळगुळीत, गुडघ्यावर टेकवलेला हातभर आरसा, एका हाताने भुवई कोरतोय, दुसऱ्या हातात विडी, बाजूला मालक आख्यान सांगतोय की आज द्रौपदी इथून घ्यायची आणि तिथे सोडायची, लिहिलेलं काही नाहीच, सगळं तोंडी. आणि तासाभराने तोच माणूस नऊवारीचा घोळ सावरत, मान जराशी कलती ठेवून असा काही येतो की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात. सकाळी बघाल तर टेम्पोत पेटाऱ्याला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेला. हे बाईपण त्याने कुठून आणलं? शिकला तो, आधीच्या स्त्रीपार्टीचं बघून बघून. जेंडर स्टडीज म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही हो, हेच विचारतात, की बाईने किती हळू बोलायचं, कसं बसायचं, कुठे बघायचं हे जन्मतः असतं की शिकवलेलं, आणि शिकवलेलं असेल तर कोणी शिकवलं आणि त्यात फायदा कोणाचा. आपण पहाटेपर्यंत घोंगडीवर बसून हे बघतोच.

जपानमधे ह्याच्या उलटही झालं. ओसाकाच्या जवळ ताकाराझुका म्हणून गरम पाण्याच्या झऱ्याचं गाव आहे, तिथे इचिझो कोबायाशी नावाच्या रेल्वेवाल्याने गाडीला पॅसेंजर मिळावेत म्हणून मुलींची संगीत मंडळी काढली, पहिला प्रयोग १९१४. सगळ्या मुलीच, नायक पण मुलगीच, बघायला येणाऱ्याही बहुतेक बायका, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी अजून जोरात चालू आहे. ओसामु तेझुका, म्हणजे ज्यांना जपानी कॉमिकचे पितामह म्हणतात ते, ह्याच गावात लहानाचे मोठे झाले, हे प्रयोग बघत. त्यांनी १९५३ साली मुलींच्या मासिकात एक चित्रकथा सुरू केली, राजपुत्राच्या वेशात वाढवलेल्या राजकन्येची. पुढे मुलींच्या कॉमिकचा धंदा वाढत गेला, सत्तरच्या दशकात तर लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या पण बायका, आणि १९९४ मधे कोएई कंपनीने खास बायकांची टीम बसवून मुलींसाठी अँजेलिक नावाचा गेम काढला ज्यातली नायिका राणीपदाची उमेदवार. त्याच्याही आधी १९८० चा पॅकमॅन, तोरु इवातानीने मारामारी बाजूला ठेवून खाण्याचा विषय घेतला कारण गेमच्या दुकानात मुली याव्यात असं त्याला वाटत होतं! म्हणजे आमच्या पार्लरच्या दारातल्या मुलीचा विचार तिकडे कोणीतरी आधीच करून बसला होता. आता हे समजून घ्यायचं तर नाटकाचं ज्ञान पाहिजे, जपानी वाचता आलं पाहिजे, गेम आतून कसा चालतो ते कळलं पाहिजे आणि बायका-पुरुषांचा हिशोब पण मांडता आला पाहिजे. ह्यातलं काय गाळायचं ते काकांनी सांगावं.

लांब कशाला, सावंतवाडी घ्या. राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, वरून लाखेची चकाकी. मोडीत निघालेली ही कला सत्वशीलादेवी राणीसाहेबांनी परत उभी केली हे सगळ्यांना माहितीय. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा. दिवसा खेळायला बसलात तर रामाने सुरुवात, रात्री बसलात तर कृष्णाने, काय सुंदर नियम आहे बघा. भाचीने व्याख्यानात दोनतीन पत्ते वर धरून विचारलं, ह्यात राणी कुठाय? नाहीच. राजा आणि प्रधान, मग एक्का ते दश्शी. माझ्या बाजूला बसलेली बाई म्हणाली, "अगो बाय, ह्या कधी ध्यानातच इला नाय." राणीसाहेबांनी वाचवलेल्या खेळात राणीचाच पत्ता नाही! असा प्रश्न पत्त्याकडे बघून सुचायला डोकं त्या पद्धतीने तयार व्हावं लागतं, ते फुकट होत नाही. आणि हेही तिनेच सांगितलं की मारिओवाली निन्टेंडो कंपनी १८८९ मधे क्योटोत निघाली ती हाताने केलेले पत्ते विकायला, हानाफुदा म्हणतात त्याला, ४८ पत्ते, बारा महिन्यांची फुलं, एकेका महिन्याचे चार. ते अजून विकतात. आपले गंजिफा फ्रेम करून पर्यटक घेऊन जातात, खेळायला येणारी माणसं किती उरलीत देव जाणे.

बरं असला अभ्यास करणारी ही एकटीच आहे असंही नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेनिफर रॉबर्टसन म्हणून मानववंशशास्त्राच्या प्रोफेसर होत्या, त्यांचं १९९१ चं पुस्तक टोकियोजवळच्या कोदाइरावर, १९९८ चं ताकाराझुकाच्या नाटकांवर आणि २०१८ चं जपानी रोबोंवर. गाव, नाटक, रोबो, काकांच्या हिशोबाने तीन चिंध्या. पण रोबोच्या पुस्तकात त्या दाखवतात की घरकामाचा रोबो करतानाही डोक्यात घर जुनंच असतं, बाईने काय करायचं आणि पुरुषाने काय ते नव्या मशीनमधेही तसंच्या तसं उतरतं. दुसऱ्या मिझुको इतो, क्योटोत जन्म, स्टॅनफर्डच्या दोन पीएचडी, एक शिक्षणशास्त्रात आणि एक मानववंशशास्त्रात, त्यांनी जपानी लोकांचा मोबाईल आणि मुलांचे गेम ह्यावर काम केलंय. जपानमधे पेजर होते ते ऑफिसातल्या साहेबांसाठी, त्यावर नुसते आकडे दिसायचे. नव्वदच्या दशकात शाळकरी मुलींनी आकड्यांचेच कोड केले आणि पब्लिक फोनची बटणं धडाधड दाबून एकमेकींना निरोप धाडायला लागल्या, कंपन्यांना मागाहून कळलं की आपलं गिऱ्हाईक कोण आहे ते. १९९९ मधे डोकोमो ह्या जपानी मोबाईल कंपनीच्या फोनवर १७६ इमोजी आली, आता त्यांचीच पिलावळ आपण रोज सकाळी फुलांच्या फोटोखाली पाठवतो, काका पण पाठवतात, आमच्या ग्रुपवर आहेत. तिकडे मुलींच्या हातातल्या फोनवर पुस्तकं लिहिली गेली. इकडे मुलीच्या हातात फोन म्हणजे हाताबाहेर गेली, आणि तिच्या भावाच्या हातात असला तर तो प्रोजेक्ट करतोय.

आणि गेम म्हणजे वेळ फुकट घालवणं हे काकांचं वाक्य आजच्या दिवशी तरी टिकत नाही. २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्टला, म्हणजे स्पर्धेतल्या व्हिडिओ गेमना, खेळ म्हणून मान्यता दिली. रम्मीच्या अ‍ॅपपायी कर्जात गेलेली पोरं मी पण बघितलीत. पण कुठला गेम जुगार, कुठला खेळ, माणूस त्यात अडकतो तो नेमका कुठल्या बटणाला, हे सांगायला गेम आतून ओळखणारी आणि माणसंही ओळखणारी माणसं लागतात ना?

पण मला खरा राग आला तो काकांच्या शेवटच्या वाक्याचा, "महर्षी कर्व्यांच्या कोकणात हे असले विषय". अहो काका, कर्वे काय शिकवायचे? गणित. १८९१ पासून फर्ग्युसनमधे गणिताचे प्रोफेसर. शेरवलीला जन्म, दापोलीजवळच्या मुरुडला वाढलेले, १८९३ ला विधवेशी लग्न केलं तर मुरुडकरांनी वाळीत टाकलं, १८९६ ला पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, गणित चालूच. मग त्यांच्या हातात एक माहितीपुस्तिका पडली, टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची, नारुसे जिन्झो यांनी १९०१ मधे काढलेलं. ती वाचून कर्व्यांनी १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात आपल्याकडेही तसं विद्यापीठ हवं असं मांडलं आणि १९१६ ला उभं केलं, आज त्यालाच आपण एसएनडीटी म्हणतो. पुढे १९२९-३० च्या दौऱ्यात जपानलाही जाऊन आले. गणित, विधवा, जपान. आजच्या नोकरीच्या मुलाखतीच्या पॅनेलपुढे बसवलं असतं तर विचारलंच असतं, प्रोफेसर कर्वे, तुमचा नेमका विषय कोणता? आणि देशातलं पहिलं स्त्री अभ्यास केंद्र निघालं तेही १९७४ मधे, ह्याच एसएनडीटीत. तेव्हा जेंडर स्टडीज हे परदेशातून आणलेलं खूळ असं म्हणण्याआधी जरा मुरुडकडे बघा. कर्व्यांचे चिरंजीव र. धों. यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून काय काय लिहिलं ते मी इथे लिहीत नाही, काकांचा बीपी वाढेल.

आता पोटापाण्याचं. हा मुद्दा काकांचा बरोबर आहे आणि त्यावर गोड गोड बोलण्यात अर्थ नाही. भाचीला कितीतरी वर्षं धड पगार नव्हता, स्कॉलरशिपवर दिवस काढले, लग्नाच्या वयाच्या गजाली घरात व्हायच्या तेवढ्या झाल्या, "ह्या शिकान काय गावतला?" हे तिच्या आजीने शेवटपर्यंत विचारलं. परत आल्यावर इकडच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेली तर पॅनेलने फाइल चाळली आणि म्हणाले, मॅडम तुम्ही नक्की कुठल्या विषयाखाली येता. कारण नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, कॉम्प्युटर सायन्स वेगळा विषय, जपानी वेगळा, विमेन्स स्टडीज वेगळा, आणि जाहिरातीत "संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी" लिहिलेलं असतं, तर तिन्ही येणारा माणूस तिन्हीकडे असंबंधित! एकीकडे २०२० चं शैक्षणिक धोरण सांगतं मेजर घ्या मायनर घ्या, आर्ट्सवाल्याने सायन्स घ्या, क्रेडिट बँकेत टाका, आणि दुसरीकडे भरतीचा कॉलम तोच जुना. मग शिकलेली मुलगी बाहेर जाऊन शिकवते आणि इकडे आपण म्हणतो हुशार मुलं कोकणात थांबत नाहीत.

मी ई-सेवा केंद्र चालवते. निकाल लागला की फॉर्म भरायला रांग लागते. कोकण बोर्ड २०१२ ला वेगळं झाल्यापासून दहावी-बारावीला राज्यात पहिलं, त्यात मुली पुढे, पेपरात पेढे भरवतानाचे फोटो. आणि मग त्याच मुली माझ्या टेबलासमोर बसतात आणि "कुठली साइड?" विचारलं की उत्तर बाप देतो. मागच्या सीझनला एक मुलगी आली होती, बाप झेरॉक्स काढायला बाहेर गेला तशी वही उलटी करून दाखवली, मागच्या पानांवर मोठ्या डोळ्यांची चित्रं आणि बाजूला जपानी अक्षरं, फोनवर बघून शिकलेली, अगदी रेषेत. म्हणाली ह्याचं काही असतं का पुढे? बाप आला, नर्सिंगचा फॉर्म भरला, नर्सिंग काही वाईट नाही आणि माझं काम फॉर्म भरायचं. पण जाताना पावतीच्या मागे लिहून दिलं: जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप, बारावीनंतर पण अर्ज करता येतो, फी माफ, दर महिन्याला खर्चाला पैसे, अर्ज त्यांच्या दूतावासातर्फे. जपानीच्या परीक्षा जुलै आणि डिसेंबरात, त्यासाठी पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागते, एसटीचं भाडं धरून बजेट करा. हे तिला शाळेत कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि आपल्या पेपराच्या करिअर पुरवणीतही नव्हतं, मी ती पूर्ण चाळली, मेडिकल, इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती.

तर संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या पुरवणीत अर्धं पान द्या. कुठल्या स्कॉलरशिप आहेत, अर्ज कुठे, तारीख कधी, नोकरी कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही, दोन्ही लिहू. मजकूर भाचीकडून घेऊन मी स्वतः टाइप करून पाठवते, मानधन नको. फक्त वर 'हटके करिअर' असा मथळा तेवढा देऊ नका.

कळावे,
एक वाचक, वेंगुर्ला